प्रयोगशाळेतील बदली कामगार

कामगार म्हटला की समाजवादी कार्यकर्त्याच्या डोळ्यांसमोर गिरणी, गोदी, खाण आणि शेतमळा उभा राहतो. ते स्वाभाविक आहे. चळवळ तेथेच वाढली. परंतु गेल्या अर्धशतकात उत्पादनव्यवस्थेत विज्ञानाने जे स्थान मिळवले आहे ते पाहता, विज्ञान ज्याच्या हातून प्रत्यक्ष घडते त्या माणसाच्या वेतनाचा, सेवाशर्तींचा आणि भवितव्याचा प्रश्न चळवळीने विचारात न घेणे यापुढे परवडणारे नाही. या माणसाला कोणी कामगार म्हणत नाही. त्याला 'फेलो' म्हणतात, 'असोसिएट' म्हणतात, क्वचित 'उद्याचा शास्त्रज्ञ' म्हणतात. तो स्वतःलाही कामगार म्हणवून घेण्यास संकोचतो. त्याच्या शोषणाचे निम्मे रहस्य या नामकरणातच दडलेले आहे.

पीएच.डी. झाल्यानंतर आणि कायम नोकरी मिळण्यापूर्वी संशोधक जो काळ काढतो, त्याला पोस्टडॉक्टरल संशोधनाचा काळ म्हणतात. मूळ कल्पना अशी की, वर्ष-दोन वर्षे दुसऱ्या प्रयोगशाळेत नवी तंत्रे शिकावीत आणि मग स्वतंत्र संशोधक म्हणून उभे राहावे. जीवशास्त्रांत या शिकाऊ काळाचे रूपांतर आता एका दीर्घ प्रतीक्षेत झाले आहे. तिशी ओलांडलेला, दहा-बारा वर्षे उच्च शिक्षणात घालवलेला माणूस एका प्रकल्पावरून दुसऱ्या प्रकल्पावर, एका शहरातून दुसऱ्या शहरात फिरत राहतो. प्रकल्प संपला की नेमणूक संपते.

जैवमाहितीशास्त्राचे, म्हणजे बायोइन्फर्मेटिक्सचे, उदाहरण येथे विशेष बोलके आहे. संगणकाच्या साहाय्याने जनुकांचा आणि प्रथिनांचा अभ्यास करणारे हे शास्त्र. मार्गारेट डेहॉफ यांनी १९६५ मध्ये प्रथिनांच्या ज्ञात क्रमांचा पहिला संग्रह सिद्ध केला तेव्हा त्यात अवघी ६५ प्रथिने होती. मानवी जनुकसंचाच्या वाचनाचा जो आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९० ते २००३ या काळात पार पडला, त्याने या शास्त्राला आजचे महत्त्व आणून दिले. भारत या बाबतीत मागे नव्हता. केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग १९८६ मध्ये स्थापन झाला आणि १९८७ मध्ये पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्राचे केंद्र उभे राहिले. पुढे कोविडच्या साथीत डिसेंबर २०२० मध्ये विषाणूंच्या जनुकीय वाचनासाठी दहा प्रयोगशाळांची साखळी उभारण्यात आली. त्यांपैकी राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आणि राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र या दोन पुण्यातील होत्या. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाचे वाचन करणारा प्रकल्प २०२० मध्ये सुरू झाला आणि त्यातील माहितीसाठा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुला करण्यात आला. या कार्याचा गौरव झाला आणि तो योग्यच होता. परंतु अशा कामांत नमुने हाताळणे, यंत्रे चालवणे, संगणकाच्या आज्ञावली लिहिणे आणि चुका शोधत रात्री जागवणे, यांचा मोठा वाटा ज्या तरुणांच्या खांद्यावर असतो, त्यांच्या नेमणुका किती महिन्यांच्या असतात, हे समारंभात कोणी विचारत नाही.

त्यांच्या वेतनाचा हिशेब पाहावा. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने ठरवलेले दर देशभरातील प्रकल्पांत प्रमाण मानले जातात. पीएच.डी. झालेल्या रिसर्च असोसिएटचा सर्वांत खालच्या श्रेणीचा मासिक दर ऑक्टोबर २०१४ पासून ३६,००० रुपये, जानेवारी २०१९ पासून ४७,००० रुपये आणि जानेवारी २०२३ पासून ५८,००० रुपये झाला. आकडे वरकरणी वाईट दिसत नाहीत. घरभाडे भत्ताही मिळतो. परंतु या दरांना महागाई भत्ता नाही. याचा अर्थ असा की, एका फेररचनेपासून दुसऱ्या फेररचनेपर्यंतची चार-चार वर्षे वेतनाचा आकडा गोठलेला राहतो आणि त्याचे खरे मूल्य दरमहा झिजत जाते. जानेवारी २०२३ ते जुलै २०२५ या काळात केंद्र सरकारच्या कायम कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता मूळ वेतनाच्या ४२ टक्क्यांवरून ५८ टक्क्यांवर गेला. त्याच प्रमाणात हा ५८,००० चा दर वाढता, तर तो जुलै २०२५ मध्ये सुमारे ६४,५०० झाला असता. म्हणजे महिन्याला साडेसहा हजार रुपयांची कपात या संशोधकाने सोसली. तिचा कोठे आदेश निघाला नाही की कोठे निषेध झाला नाही. एकाच इमारतीत, एकाच प्रयोगमेजावर काम करणाऱ्या दोघांपैकी एकाला महागाईपासून संरक्षण आणि दुसऱ्याला नाही, ही विषमता कोणत्या शास्त्राने समर्थनीय ठरते? त्यातही हे वेतन वेळेवर हाती पडेल याची शाश्वती नाही. अनुदानाचा हप्ता अडकला की विद्यावेतन महिनोन्महिने रखडते, ही तक्रार आता नित्याची आहे.

मुंबईच्या गिरणगावाला ही व्यवस्था परिचित आहे. गिरणीत कायम कामगारांच्या बरोबरीने बदली कामगार असत. सकाळच्या पाळीला त्यांनी गिरणीच्या दाराशी येऊन उभे राहायचे. कायम कामगार गैरहजर असला तर काम, नाही तर परत. वर्षानुवर्षे साचा चालवूनही तो बदलीच राही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या ऐतिहासिक संपात बदली कामगारांना कायम करावे ही एक मागणी होती. प्रयोगशाळेतील हा संशोधक त्याच जातकुळीचा आहे. फरक आहे तो इतकाच, आणि तो महत्त्वाचा आहे, की गिरणीतील बदली कामगार गैरहजर माणसाची जागा भरून काढी. प्रयोगशाळेत मूळ उत्पादनच बदली कामगार करतो. शिवाय गिरणीतील बदलीला आपण बदली आहोत हे ठाऊक होते. येथे त्याला सांगितले जाते की तू शिकत आहेस.

ही अवस्था कोणा एका प्राध्यापकाच्या दुष्टपणातून आलेली नाही. ती अर्थपुरवठ्याच्या पद्धतीतून आली आहे. सरकार संस्थेला कायम जागा देण्याऐवजी प्राध्यापकाला तीन वर्षांचा प्रकल्प देते. प्रकल्पाच्या पैशातून कायम माणूस नेमता येत नाही. तात्पुरताच नेमता येतो. पुढचा प्रकल्प मिळवायचा तर शोधनिबंध हवेत. शोधनिबंध हवेत तर थोड्या पैशात अधिक हात हवेत. म्हणून प्रत्येक प्रयोगशाळा आपल्या गरजेपुरते विद्यार्थी घेते, त्यांना पीएच.डी. करते आणि पुन्हा नवे घेते. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता तर्कशुद्ध. एकत्रित परिणाम मात्र असा की, जितक्या कायम जागा निर्माण होतात त्यांच्या अनेकपट उमेदवार तयार होतात. मार्क्सने ज्याला राखीव सेना म्हटले ती येथे पदव्या घेऊन उभी आहे.

ही पद्धत अमेरिकेत परिपक्व झाली आणि तिचे परिणामही तेथेच प्रथम दिसले. १९९८ मध्ये तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने, शर्ली टिल्घमन यांच्या अध्यक्षतेखाली, जीवशास्त्रातील पीएच.डी.धारकांची संख्या आणखी वाढवू नये असा स्पष्ट इशारा दिला. त्याच वर्षी तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे अंदाजपत्रक दुप्पट करण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि पाच वर्षांत ते सुमारे १३.६ अब्ज डॉलरवरून २७ अब्जांवर गेले. पैसा आला, प्रयोगशाळा फुगल्या, विद्यार्थी वाढले. आणि २००३ नंतर वाढ थांबताच हीच तरुण पिढी उघड्यावर पडली. १९८० मध्ये शास्त्रज्ञाला पहिले मोठे स्वतंत्र अनुदान सरासरी छत्तिसाव्या वर्षाच्या सुमारास मिळे. ते वय पुढे बेचाळिशीपलीकडे गेले. २०१४ मध्ये टिल्घमन, ब्रूस अल्बर्ट्स, मार्क किर्शनर आणि नोबेलविजेते हॅरल्ड व्हार्मस यांनी, ही संपूर्ण रचनाच टिकणारी नाही असे लेख लिहून जाहीर केले. धडा स्वच्छ आहे: रचना न बदलता केवळ पैसा ओतला, तर रांग अधिक लांब होते.

या रांगेत काय गमावले जाते याची दोन उदाहरणे सर्वश्रुत आहेत. जेलीफिशमधील हिरव्या प्रकाशमान प्रथिनाचे जनुक डग्लस प्रॅशर यांनी १९९२ मध्ये वेगळे काढले. पुढचे अनुदान मिळाले नाही. त्यांनी ते जनुक इतर शास्त्रज्ञांच्या स्वाधीन केले. २००८ मध्ये त्या प्रथिनावरील कार्यासाठी तिघांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा प्रॅशर अलाबामा राज्यात मोटारविक्रेत्याकडे गाडीचालक म्हणून काम करीत होते. कॅटलिन कारिको यांना अनुदाने मिळत नाहीत म्हणून १९९५ मध्ये विद्यापीठाने खालच्या पदावर आणले. त्यांच्याच संशोधनावर कोविडची एमआरएनए लस उभी राहिली आणि २०२३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. या कथा जिद्दीचे दाखले म्हणून सांगितल्या जातात. वस्तुतः त्या व्यवस्थेविरुद्धच्या साक्षी आहेत. कारिको टिकल्या म्हणून जगाला ठाऊक झाल्या. ज्यांना टिकता आले नाही त्यांची नोंद कोठेच नाही.

प्रश्न केवळ वेतनाचा नाही. श्रमाचे फळ कोणाच्या हाती जाते हाही आहे. प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांचा सार्वजनिक संग्रह १९७१ मध्ये सुरू झाला. गेल्या पन्नास वर्षांत जगभरातील सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळांतून, प्रामुख्याने विद्यार्थ्यांच्या आणि तात्पुरत्या संशोधकांच्या हातून, त्यात दीड लाखाहून अधिक रचना जमा झाल्या. त्या सामायिक भांडारावर गूगलच्या मालकीच्या डीपमाइंड कंपनीने अल्फाफोल्ड ही संगणकीय पद्धत घडवली. तिच्या निर्मात्यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कामगिरी अस्सल आहे, आणि २०२१ मधील आवृत्ती कंपनीने सर्वांना खुली केली हेही मान्य केले पाहिजे. परंतु मे २०२४ मधील पुढील आवृत्ती जाहीर झाली ती मूळ आज्ञावली झाकून ठेवूनच. शास्त्रज्ञांच्या टीकेनंतर नोव्हेंबरमध्ये ती दिली गेली, तीही केवळ बिगरव्यापारी उपयोगासाठी. भांडार समाजाचे, श्रम सार्वजनिक वेतनावरचे आणि व्यापारी हक्क कंपनीचा, असा हा व्यवहार आहे. उद्या भारतीयांच्या जनुकीय माहितीवर औषध कंपन्या नफा मिळवू लागतील, तेव्हा हाच प्रश्न या देशात उभा राहील.

दुसरी बाजूही ध्यानी घ्यावी. असे माहितीसाठे एकदा उभारून भागत नाही. ते तळ्यासारखे सतत उपसावे आणि राखावे लागतात. १९९६ मध्ये स्विस-प्रोट या नामांकित प्रथिनसंग्रहाचे अनुदान संपत आले तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांनी आवाज उठवला आणि त्यातूनच १९९८ मध्ये त्याच्यासाठी स्थायी संस्था जन्मली. अमेरिकेतील वनस्पतिजनुकांच्या एका प्रमुख संग्रहाला असे भाग्य लाभले नाही; सरकारी अनुदान थांबल्यावर २०१३ मध्ये त्याला वर्गणीचा आश्रय घ्यावा लागला. जे काम स्वभावतःच कायमचे आहे, त्यावर तात्पुरती माणसे नेमणे हे अन्यायाचे तर आहेच, शिवाय निव्वळ नुकसानीचे आहे.

या मांडणीवर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, संशोधन ही नोकरी नसून साधना आहे. तेथे भत्त्यांची भाषा शोभत नाही. साधनेचा हा उपदेश करणारे स्वतः सातव्या वेतन आयोगाचे वेतन घेतात, एवढे उत्तर पुरे आहे. दुसरा आक्षेप असा की, जैवमाहितीशास्त्र शिकलेल्याला खासगी कंपन्यांची दारे खुली आहेत; त्याने तक्रार का करावी? दार खुले असणे वेगळे आणि दारातून ढकलले जाणे वेगळे. सरकारने दहा वर्षे शिकवलेला माणूस कंपनीला आयता मिळणे हे सार्वजनिक संस्थांनी खासगी भांडवलाला दिलेले मूक अनुदानच होय. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सर्वांना कायम केले तर नव्या पिढीला जागा उरणार नाही आणि संशोधन साचेल. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच सर्वांना सरसकट कायम करा अशी मागणी कोणी जबाबदार माणूस करणार नाही. परंतु मुदतीची नेमणूक म्हणजे हक्कशून्य नेमणूक नव्हे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या श्रमसंहितांवर कामगार संघटनांचे अनेक रास्त आक्षेप आहेत. तरीही त्या संहितांनी कारखान्यातील मुदतीच्या कामगाराला कायम कामगाराबरोबरचे लाभ आणि एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी कबूल केली आहे. पीएच.डी. झालेल्या संशोधकाला निदान तेवढे तरी का मिळू नये?

या प्रतीक्षेचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. पस्तिशीपर्यंत थांबण्यासाठी मागे घर, शेत किंवा आईबापांचे निवृत्तिवेतन असावे लागते. मराठवाड्यातील वा विदर्भातील पहिल्या पिढीतला पदवीधर, ज्याच्या पगारावर धाकट्या भावंडांचे शिक्षण अवलंबून आहे, तो थांबू शकत नाही. हीच वर्षे विवाहाची आणि अपत्यजन्माची असल्याने रांगेतून प्रथम बाहेर पडते ती स्त्री. त्यावर वयोमर्यादेची भर: केंद्राने सुरू केलेल्या राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपसाठी सर्वसाधारण मर्यादा पस्तीस वर्षांची ठेवण्यात आली आणि मुदत अवघी दोन वर्षांची. शिवाय आरक्षण खऱ्या अर्थाने प्रभावी ठरते ते मुख्यतः कायम पदावर. विद्यापीठांतील पदे भरलीच नाहीत आणि अध्यापन तासिका तत्त्वावर, संशोधन प्रकल्पावर चालवले, तर आरक्षण रद्द न करताही निष्प्रभ करता येते. महाराष्ट्रात नेमके हेच चालू आहे.

परदेशाची वाटही आता पूर्वीसारखी राहिली नाही. अनेक मराठी तरुण पीएच.डी.नंतर अमेरिकी प्रयोगशाळांत जातात; तेथे राहण्याचा त्यांचा हक्क व्हिसामुळे मालकाशी बांधलेला असतो. २०२५ मध्ये तेथील संशोधन अनुदाने मोठ्या प्रमाणावर रद्द झाली आणि सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. स्वदेशात जागा नाही आणि परदेशात भरवसा नाही, अशा कोंडीत ही पिढी सापडली आहे.

तरीही अमेरिकेकडून शिकण्यासारखे एक आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ४८,००० शैक्षणिक कामगारांनी १४ नोव्हेंबर २०२२ रोजी संप पुकारला, त्यात पोस्टडॉक्टरल संशोधक होते. आणि त्यांची संघटना मोटार कामगारांच्या महासंघाशी संलग्न होती. महिन्याच्या आत त्यांनी वेतनवाढ आणि बालसंगोपनाचे साहाय्य मिळवले. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील तरुण संशोधकांनीही मतदानाने संघटना स्थापन केली. भारतातील २०१९ ची वाढ देखील आपोआप झाली नव्हती. २०१८ च्या अखेरीपासून देशभरच्या संशोधकांनी केलेल्या आंदोलनाचे ते फळ होते. मात्र ते आंदोलन दर वाढताच विरले, कारण त्याला स्थायी संघटनेचा आधार नव्हता. कायद्याचा मार्गही सोपा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात संशोधन संस्था 'उद्योगा'च्या व्याख्येत आणल्या. परंतु १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात शिक्षक हे 'कामगार' नव्हेत असा निर्णय दिला. संस्था उद्योग आणि तेथे राबणारा मात्र कामगार नव्हे, या विसंगतीच्या फटीत संशोधक उभा आहे. ही फट न्यायालयाआधी संघटनेनेच बुजवावी लागेल.

मागण्या अवाजवी नाहीत. संशोधकांच्या वेतनदराला महागाई निर्देशांकाची जोड द्यावी. नेमणूक किमान तीन वर्षांची असावी, भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी लागू व्हावी, आणि प्रसूती रजेइतकी मुदत आपोआप वाढावी. माहितीसाठे, जनुकवाचन आणि संगणकीय विश्लेषण यांसाठी कायम वैज्ञानिकांची श्रेणी निर्माण करावी. विद्यापीठांतील रिक्त पदे आरक्षणासह भरावीत. सार्वजनिक माहितीसाठ्यातून व्यापारी लाभ मिळवणाऱ्या कंपन्यांवर अधिभार बसवून तो पैसा याच कामी लावावा. पैसा नाही ही सबब टिकणारी नाही. हा देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के खर्च करतो, असा २०२०-२१ चा आकडा आहे. आणि त्याच देशाच्या सरकारने २०२५ मध्ये प्रामुख्याने खासगी क्षेत्राच्या संशोधनाला स्वस्त भांडवल पुरवण्यासाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिजोरीत पैसा आहे. तो कोणत्या दिशेने वाहतो एवढाच प्रश्न आहे.

पक्षकार्यकर्त्यांसाठी काम हाताशी आहे. पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत जाऊन या तरुणांची गाठ घ्यावी, त्यांच्या नेमणुकांची आणि थकलेल्या विद्यावेतनाची नोंद करावी, आणि त्यांना प्राध्यापकांच्या व कर्मचाऱ्यांच्या संघटनांशी जोडावे. आपण शिकाऊ उमेदवार नसून श्रमिक आहोत, हे एकदा त्यांना पटले की पुढील वाट ते स्वतः शोधतील. शोध घेणे हाच तर त्यांचा व्यवसाय आहे.